माळवदानंतर : भूकंपातून उभ्या राहिलेल्या स्त्रीची ऐतिहासिक कादंबरी

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या स्थितीविषयी होती, तर पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) शिवकालातील एका किल्ल्याभोवती रचलेली होती. या दोन ग्रंथांत चौदा वर्षांचे अंतर आहे. परंतु त्यांच्यापासून निघालेले दोन प्रवाह पुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतांशी वेगवेगळे वाहत राहिले. उद्ध्वस्त झालेल्या बाईचे जगणे सामाजिक कादंबरीच्या वाट्याला आले आणि इतिहास हा गड, गादी व रणभूमी यांच्याकडे गेला. हरिभाऊ आपटे यांनी दोन्ही प्रकार समर्थपणे हाताळले, मात्र ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमू आणि ‘उषःकाल’मधील शिवकाल यांची गाठ त्यांनीही घातली नाही. धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण भागात, तेरणा नदीच्या खोऱ्यात, १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने संसार मांडणारी स्त्री हा असा विषय आहे की त्यात हे दोन प्रवाह एकमेकांपासून अलग ठेवताच येत नाहीत, कारण तिच्या घरातील प्रत्येक खासगी घटनेला सरकारी कागदाची, कायद्याची आणि जमिनीच्या मोजमापाची बाजू आहे. हा विषय ऐतिहासिक कादंबरीला कोणती सामग्री पुरवतो आणि तिच्याकडून कोणती शिस्त मागतो, याचा विचार या प्रस्तावनेत केला आहे.

प्रथम घटना. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवर सुमारे ६.२ ते ६.४ तीव्रतेचा धक्का बसला. अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ माणसे मरण पावली, सुमारे सोळा हजार जखमी झाली, आणि ५२ गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती मूळ जागी पुन्हा वसवण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. दख्खनचे पठार हा भूगर्भशास्त्राच्या भाषेत ‘स्थिर’ प्रदेश समजला जात असे, म्हणजे भूपट्टांच्या कडांपासून दूर असलेला आणि मोठ्या भूकंपाची फारशी शक्यता नसलेला. त्यामुळे या प्रदेशाला भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात ठेवलेले होते. जमिनीने मात्र पूर्वसूचना दिली होती. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिकाच झाली, भयाने लोक घराबाहेर झोपू लागले, आणि पुढे काही घडत नाही असे पाहून पुन्हा आत गेले. कादंबरीकाराच्या दृष्टीने हे वर्ष भूकंपाच्या रात्रीइतकेच मोलाचे आहे, कारण अंथरूण पुन्हा घरात घालण्याचा निर्णय घराघरांत कोणी, कोणाच्या शब्दावर आणि कशाच्या भरवशावर घेतला, या प्रश्नाभोवती वाचलेल्यांची अपराधभावना दीर्घकाळ फिरत राहणे स्वाभाविक होते.

घटनेच्या नावाचाही एक परिणाम झाला आहे. किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात येते, आणि भूकंप ‘किल्लारीचा’ किंवा ‘लातूरचा’ म्हणूनच जगाला माहीत झाला. वस्तुतः सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावे (त्यांतील काही आता लोहारा तालुक्यात मोडतात) तितक्याच भीषण रीतीने कोसळली होती. १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे भूकंपाच्या वेळी ही सीमा अवघ्या अकरा वर्षांची होती आणि सोयरीक, बाजार, नदीचे पाणी यांनी ती कधीच मानलेली नव्हती. किल्लारीत माहेर आणि सास्तुरात सासर असलेल्या स्त्रीला दोन जिल्ह्यांच्या दोन कचेऱ्यांमध्ये आपले मृत मोजून घ्यावे लागणे शक्य होते. मीर उस्मान अली खान या निजामाच्या नावावरून पडलेले जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले. जुन्या पंचनाम्यांवर आणि दाखल्यांवर मात्र पूर्वीचेच नाव आहे, आणि कादंबरीच्या काळातील पात्रांच्या तोंडी तेच असले पाहिजे.

तीस वर्षांपूर्वीच्या घटनेला इतिहास म्हणावे काय, हा आक्षेप अपेक्षित आहे. वॉल्टर स्कॉट याने ‘वेव्हर्ली’ (१८१४) या कादंबरीच्या उपशीर्षकातच साठ वर्षांचे अंतर सांगितले होते, आणि तेव्हापासून दोन पिढ्यांचा काळ हा ऐतिहासिक कादंबरीचा जणू दंडकच होऊन बसला. इटलीत आलेस्सांद्रो मान्झोनी याने १८२७ च्या आपल्या कादंबरीत १६३० मधील मिलानचा प्लेग उभा केला, आणि त्या महामारीतून जाणारी नायिका एक साधी खेडूत मुलगी ठेवली; आपत्ती आणि सामान्य स्त्री यांना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणण्याचे हे एक जुने उदाहरण आहे. परंतु काळाचे अंतर वर्षांपेक्षा बदललेल्या नियमांवरून मोजणे अधिक योग्य ठरते. १९९३ मध्ये गावात दूरध्वनी बहुधा नव्हताच, बँकेत स्त्रीचे स्वतंत्र खाते ही अपवादाची बाब होती, बचत गट हा शब्द रूढ झालेला नव्हता, आणि घर बांधणे हे पूर्णतः पुरुषांचे व गवंड्यांचे क्षेत्र होते. आज त्या गावांत वाढलेल्या तरुण वाचकाला हे जग समजावून सांगावे लागते; ज्या जगासाठी स्पष्टीकरण लागते ते ऐतिहासिक झाले, असे मानायला हरकत नाही. शिवाय त्या रात्री तिशीत असलेल्या स्त्रिया आज साठी ओलांडून गेल्या आहेत, त्यामुळे कागद आणि जिवंत स्मृती ही दोन्ही साधने एकाच वेळी हाताशी असण्याचा काळ झपाट्याने संपत आला आहे.

या विषयाचे खरे केंद्र घर हे आहे, आणि त्याचे वर्णन ढोबळ राहून चालणार नाही. मराठवाड्यातील या भागात घराच्या भिंती काळ्या दगडाच्या, दोन-तीन फूट जाडीच्या आणि चुन्याऐवजी मातीत रचलेल्या असत. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर रचून मधली पोकळी कपच्यांनी व मातीने भरली जाई. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर असलेले सपाट छत. दर पावसाळ्यापूर्वी गळती बुजवण्यासाठी त्यावर नवी माती चढे आणि वर्षानुवर्षे त्याचे वजन वाढत जाई. दोन खांबांमधल्या जागेला ‘खण’ म्हणत, आणि घराचा मोठेपणा खणांच्या संख्येवर ठरे. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार असे हे घर भूकंपात मात्र प्राणघातक ठरले: दोन थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नसल्याने भिंत उभी फुटली आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर आली. लाकडी खांबांचा सांगाडा जिथे मजबूत होता तिथे भिंती ढासळूनही छत काही ठिकाणी तोलून राहिले, हा तपशील अभियंत्यांना पुढे फार उपयोगी पडला.

याच घरात स्त्रीचे आर्थिक जग दडलेले होते. भिंतीतच केलेले धान्याचे बळद, जमिनीत खोदलेले पेव, मडक्यांची उतरंड, दिव्याची देवळी, कडेच्या गोठ्यातील जनावरे, वाड्याच्या तोंडाशी असलेली ढाळज, जिथे पुरुष बसत आणि जिच्या पलीकडे बाईचा वावर मोजका असे: या सर्व जागा म्हणजे तिच्या अधिकाराचा आणि तिच्या मर्यादेचा एकत्रित नकाशा होता. बळद फुटले म्हणजे धान्य गेले, आणि ते धान्य किती होते हे बहुधा तिलाच ठाऊक होते. पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष केलेली नुकसानीची सरकारी नोंद, करणारा कर्मचारी मात्र कुटुंबप्रमुख पुरुषाला विचारून लिहीत असे. तो पुरुष मेला असेल तर उत्तर कोणी द्यायचे, सासऱ्याने, दिराने की तिने? ही नोंद होण्याचा क्षण एखाद्या कादंबरीत पूर्ण प्रकरणाचा मानकरी ठरावा, इतके त्यात भरलेले आहे.

मदतकार्याच्या दिवसांविषयी वृत्तपत्रांनी भरपूर लिहिले. सामूहिक अंत्यसंस्कार, लगेच कोसळलेला जोराचा पाऊस, लष्कराच्या तुकड्या, देशविदेशांतून आलेले ट्रक यांची चित्रे महाराष्ट्राच्या स्मृतीत पक्की बसली आहेत. कादंबरीकाराने या चित्रांपाशी फार काळ थांबू नये, कारण ती सर्वांच्या परिचयाची आहेत आणि त्यांत स्त्री बहुतेक वेळा आक्रोश करणारी आकृती म्हणूनच येते. त्यानंतरचा काळ कमी लिहिला गेला आहे. पत्र्याच्या शेडमध्ये काढलेल्या महिन्यांत कुटुंबांची फेररचना घडत होती. पत्नी गमावलेल्या पुरुषांची लग्ने लवकर उरकली गेली, अनेकदा वयाने बऱ्याच लहान मुलींशी. पती गमावलेल्या स्त्रीपुढे तो मार्ग सहसा नव्हता, आणि सानुग्रह अनुदानाची, म्हणजे शासनाने मृतांच्या वारसांना दिलेल्या मदतीची, रक्कम कोणाच्या हाती राहणार यावरून सासर व माहेर यांच्यात ओढाताण होण्यास पुरेसा वाव होता. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या मातांची सगळी मुले गेली, त्यांच्यासाठी गर्भनलिका पुन्हा जोडून घेणे हा पर्याय पुढे आला. चार भिंतींतली ही बाब त्या काळात शेडमधल्या उघड्या चर्चेचा विषय झाली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ज्या आईचा एकच मुलगा वाचला होता, तिने त्याला पाठवण्याचा निर्णय घेणे म्हणजे काय, हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही; ते काम कादंबरीचेच आहे.

मग नवे गाव आले. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९४ पासून राबवल्या गेलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात गावांचे ‘अ’, ‘ब’ व ‘क’ असे वर्ग पाडण्यात आले: ‘अ’ वर्गातील ५२ गावे नव्या जागी वसवायची, ‘ब’ वर्गातील घरे मूळ जागी पुन्हा बांधायची आणि ‘क’ वर्गातील घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. ‘अ’ वर्गात घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या मालकी व पिकांच्या उताऱ्यावर, स्त्रीचे नाव क्वचितच असल्याने तिचे घर किती मोठे हे तिच्या कष्टांशी संबंध नसलेल्या एका नोंदीने ठरवले. अनेक गावे देणगीदार संस्थांनी ‘दत्तक’ घेऊन बांधली. रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, एकसारख्या घरांच्या रांगा, आणि जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जमीन व्यापणारा आराखडा पाहून अधिकारी समाधानी झाले असतील. स्त्रीच्या बाजूने पाहता भावकी आणि शेजार विस्कटला, शेत लांब गेले, गोठ्याला जागा उरली नाही, पातळ भिंतीत ना देवळी बसली ना बळद, आणि पूर्वी अरुंद बोळातून डोक्यावर पदर घेऊन दोन घरांत जाता येत असे तिथे आता मोकळा रस्ता ओलांडावा लागू लागला. या घरांना पुढे ज्या पडव्या, पत्र्याचे आडोसे आणि मातीच्या चुली जोडल्या गेल्या, त्यांना नियोजनकर्ते अतिक्रमण म्हणतील; पुनर्वसनाचा खरा इतिहास त्या आडोशांतच वाचता येतो, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

येथे विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ची आठवण अपरिहार्य आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरील या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिने सरकारी कागद हा मराठी कादंबरीचा विषय होऊ शकतो हे दाखवून दिले. परंतु धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त यांच्यात एक मूलभूत भेद आहे: पहिल्याला विरोधक ठाऊक असतो, दुसऱ्याला तो नसतो. माकणी येथील निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे जमीन हलली, अशी शंका परिसरात बोलली गेली ती कदाचित या पोकळीतूनच. दोष द्यायला काहीतरी दृश्य हवे असते. भूकंपाच्या कादंबरीत म्हणून संघर्षाची रचना वेगळी करावी लागते. तिथे नायिकेसमोर खलपुरुष उभा करणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो टाळलेला बरा.

‘ब’ आणि ‘क’ वर्गांतील गावांची कथा अधिक लांबची व कमी नाट्यपूर्ण असल्याने ती जवळपास विसरली गेली. तरी या विषयाचा सर्वांत कसदार भाग तोच आहे. तिथे घरमालकाला पैसे हप्त्याहप्त्याने मिळत आणि बांधकाम त्याने स्वतः करून घ्यायचे असे, त्यामुळे अभियंता आणि कुटुंब यांच्यात दुवा लागला. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम गावच्या महिला मंडळांवर सोपवण्याचा आग्रह धरला, आणि हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया नेमल्या गेल्या. ज्या बाईने ढाळज ओलांडून चारचौघांत बोलणे शिष्टसंमत नव्हते, ती आता दुसऱ्याच्या घराच्या भिंतीत आरपार दगड बसले की नाहीत, खिडकी-दारांवरून सलग जाणारा भूकंपरोधक पट्टा घातला की नाही, सिमेंट पुरेसे दिवस भिजवले की नाही, हे पाहू लागली. गवंड्याने तिला हसून वाटेला लावणे, नवऱ्याने तिच्या उशिरा येण्याचा जाब विचारणे, आणि त्याच नवऱ्याच्या अनुदानाचा हप्ता तिच्या पाठपुराव्याने सुटणे, या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडू शकत होत्या. मंडळांतून बचत गट झाले, गटांतून कर्जे, शेळ्या, पिठाच्या गिरण्या, दुकाने. २००१ च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातील स्त्रिया गुजरातेत जाऊन तेथील बायकांना आपण काय केले ते सांगून आल्या. भाषा वेगळी, पण भिंतीची भाषा त्यांना येत होती. याच प्रदेशात तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या प्रेरणेने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले, आणि सास्तूर येथे भूकंपानंतर स्पर्श रुग्णालय उभे राहिले. गावातील बाईला पगार किंवा मानधन देणारे काम ही कल्पना या काळात अधिक रुजली.

कायद्याचा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. पंचायत राज संस्थांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती भूकंपाच्या पाच महिने आधी, २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली होती. भूकंपानंतर नऊ महिन्यांच्या आत, २२ जून १९९४ पासून, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या महाराष्ट्र दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत जन्मसिद्ध वाटा दिला; त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरणही जाहीर झाले. परंतु त्या दुरुस्तीतून तिच्या आरंभापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या होत्या. म्हणजे १९९३ मध्ये विधवा झालेली आणि माहेरी परतलेली स्त्री आपल्या अविवाहित धाकट्या बहिणीला मिळणाऱ्या हक्काबाहेर राहिली, तेही एकाच वडिलांच्या एकाच शेतात. कादंबरीकाराला याहून काटेकोर संघर्षबिंदू कल्पनेने रचता आला नसता.

नायिकेचा भूकंप हा तिच्या घराण्यातील पहिलाच प्रलय नव्हता, हेही विसरता येत नाही. १९६३ च्या सुमारास जन्मलेली अशी स्त्री १९७२ च्या दुष्काळात नऊ वर्षांची होती. रस्त्याच्या कामांवर बायका खडी फोडत आणि मुलांना सुकडी मिळे, हे तिने पाहिलेले असणार. तिच्या सासूने १९४८ पाहिले होते: आधी रझाकारांची दहशत, नंतर सप्टेंबरमधील पोलीस ॲक्शन, आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर उलटलेला सूड, ज्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबादला सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत गणले. त्या समितीचा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. विधवा झालेल्या मुसलमान शेजारणीने १९४८ नंतर संसार कसा उभारला, याला ना अनुदान होते ना वर्ग ‘अ’. तीन आपत्तींतल्या तीन बायका एका घराच्या आसपास आणता आल्या, तर सरकार स्त्रीला केव्हा पाहते आणि केव्हा पाहत नाही, हे भाष्याविना दिसेल.

निवेदनाच्या भाषेविषयी एक सूचना पुरे. उमरगा-लोहारा भागातील बोलीत मराठवाडी मराठीसोबत कन्नड आणि दखनी यांचे मिश्रण आहे, आणि संवादांना तिचा आधार हवाच. परंतु निवेदन पूर्णपणे बोलीत आणले तर कागदांची कोरडी भाषा तिच्यापुढे उठून दिसणार नाही, आणि ‘लाभार्थी’, ‘वारस दाखला’, ‘बाधित’ असे शब्द स्त्रीच्या तोंडात पहिल्यांदा कसे अडखळतात व नंतर कसे सराईत होतात, हा प्रवासच हरवेल. भूकंपाच्या रात्रीला मोजकीच पाने द्यावीत. वाचलेल्या व्यक्ती आणि त्यांची नातवंडे त्याच गावांत राहत असल्याने खऱ्या कुटुंबाची ओळख पटेल असे काही वापरणे हे कलेच्या नावाखालीही समर्थनीय नाही. इथे कल्पित पात्र हे सत्यापासूनचे पलायन नसून शेजाऱ्याविषयीची सभ्यता आहे.

शेवट कुठे करावा, हा प्रश्न या विषयात कालनिर्णयाचा आहे. पुनर्वसन कार्यक्रम १९९० च्या दशकाअखेर आटोपला, आणि तिथे थांबणारी कादंबरी घरापाशी थांबेल. कच्छच्या प्रवासापाशी थांबली तर ती एका कर्तबगार स्त्रीची कथा होईल, आणि त्यात गैर काही नाही. परंतु २००५ मध्ये केंद्राने उत्तराधिकार कायद्यात केलेल्या दुरुस्तीने आधी लग्न झालेल्या मुलींनाही वाटा दिला. १९९४ मध्ये वगळली गेलेली, आता चाळिशी ओलांडलेली ती स्त्री भावाकडे जमिनीचा विषय काढते की हक्कसोडपत्रावर सही करून माहेर राखते, इथपर्यंत कादंबरीने तिच्याबरोबर जावे, कारण या भागात आजही बहुतेक बहिणींपुढे तोच कागद ठेवला जातो.